एक ठोका

गेझिने हार्म्सने करंगळी चिपवर टेकवूनच ठेवली. समोर निवड समितीचे पाच जण, आणि टेबलावर तळहाताएवढा पंप, तान्ह्या बाळांना थेंबथेंब औषध देणारा. टक, टक, टक. ठोक्याला ठोका.

ही सगळी त्या करंगळीची किमया. बोट काढलं की पंप मधूनच एखादा ठोका गाळायचा. टेकवलं की शहाण्यासारखा चालायचा. चिपच्या आतली सगळी जोडणी तिचीच, संगणकावरून चार वेळा पुसून नव्याने लिहिलेली. तीन आठवडे डोकं फोडूनही मेली चूक कुठे दडून बसली होती, कोण जाणे! हे ठाऊक होतं फक्त तिला आणि प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्या पोलमनला.

"अकरा वर्षांत तुमचे नऊ तात्पुरते करार," पोलमन सकाळीच म्हणाला होता. "तुम्ही पीएचडीवाले डॉक्टर लोक येता नि जाता. मी आपला तारांना डाख देणारा माणूस, पण मला इथून कुणी हलवत नाही. ठेवा बोट गुपचूप." सप्टेंबर संपला की नववा करारही संपणार होता, आणि इतक्या वर्षांनंतर कायद्याने आणखी तात्पुरता करार मिळत नाही. कायमची जागा एकच होती, आणि ती कुणाला द्यायची हे आज ही समिती ठरवणार होती.

समितीचे अध्यक्ष ओस्टरकाम्प वाकून ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "पत्र यायला महिना जाईल. पण आतली गोष्ट सांगतो, हार्म्स बाई, आमचं ठरलंय. सदुसष्टाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत आता तुम्ही इथल्याच."

सुटले बाई एकदाची, असं तिला वाटलं. डोळे भरून आले.

"आणि हाच पंप सोमवारी मुलांच्या इस्पितळात चाचणीला जाऊ द्या," ते दाराकडे वळत म्हणाले. "वाट कसली बघायची?"

"थांबा!" गेझिने म्हणाली. "हा ठोका चुकवतो." आणि तिने बोट उचललं.

टक, टक, टक. सगळे थबकले. एक मिनिट गेलं, दोन गेली. दाखवायला जावं तर नेमकं उलटं करायचं, ही असल्या यंत्रांची जुनी खोड. चूक रे, ती मनातल्या मनात पंपाला विनवत होती, एकदा तरी चूक. पंप आपला चालूच. कुणीतरी खाकरलं.

"तुम्हाला झोपेची गरज आहे," ओस्टरकाम्प हसले. "अशी काळजी करणारी माणसंच हवीत आम्हाला." पाचही जण बाहेर पडले. दार लागलं.

टक, टक. मग काहीच नाही. मग टक.

कोपऱ्यात तारा जोडत बसलेल्या पोलमनने हातातलं काम सोडलं नाही, मानही वर केली नाही. "लिफ्ट बंद आहे," तो म्हणाला. "जिन्यातच असतील अजून."

ती धावली आणि दुसऱ्याच पावलाला हिसका बसून मागे आली. मनगटावरचा पट्टा! अंगातली वीज चिपला लागू नये म्हणून तो तारेने टेबलाला बांधलेला असतो. अकरा वर्षांत तो सोडल्याशिवाय ती कधी उठली नव्हती. तिने तो दातांनी ओढून काढला, तिथेच टाकला आणि पळत सुटली.

जिन्यातून तिचा आवाज घुमला. कुणाला मुलगा झाल्याची बातमी द्यावी तशी ती ओरडत होती, "चुकला! अहो, चुकला!"