बापाचा रकाना

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर पुन्हा तोच आकडा होता. सभासद दोनशे चाळीस. निवृत्त वजनमापे निरीक्षकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सलग सातवं पुस्तक, आणि सातही वेळा हा गृहस्थ त्यांच्या आधी हजर!

"बाई, हे दोनशे चाळीस कोण?" त्यांनी ग्रंथपाल बाईंना विचारलं. "मी जे मागतो ते यांनी आधीच नेलेलं असतं."

"आहेत एक. त्यांनाही तुमच्यासारख्याच जुन्या प्रेमाच्या गोष्टी लागतात. घरच्यांचा विरोध, आणि शेवटी दोन्ही पोरं मेलेली," बाई शिक्का मारत म्हणाल्या. "ते सकाळी येतात, तुम्ही संध्याकाळी. या वयात दोघांना हा कसला नाद लागलाय, देव जाणे."

नाद कसला! सहा वर्षांपूर्वी मुलगी घर सोडून गेली, तेव्हा दारात थांबून म्हणाली होती, "बाबा, असे बाप फक्त गोष्टींत असतात असं वाटलं होतं मला." त्यावर निरीक्षकांनी तिला ऐकवलं, "आजपासून तू मला मेलीस." तिने शब्द पाळला. ना फोन, ना पत्र. दोन वर्षांमागे बायको गेली, आणि घरात कुकरच्या शिट्ट्या मोजायलाही कोणी उरलं नाही. मग गोष्टींतले बाप कसे असतात ते बघू तरी, म्हणून ते वाचनालयाची पायरी चढले.

माणूस मोजमापातला. त्यांनी वहीत रकाने आखले. पोरांची वयं, वैराचं कारण, मरण कसं आलं, आणि शेवटचा रकाना बापाचा. तुलना करू गेलं तर बाकी सगळं वेगळं. एका गोष्टीत वैर कुंपणावरून, दुसरीत पणजोबांच्या अपमानावरून, तिसरीत तर कशावरून ते कोणालाच आठवत नव्हतं. कुठे विष, कुठे नदी. बापाच्या रकान्यात मात्र दर वेळी एकच नोंद. रडला, समाधी बांधली. मेलेल्या पोरांवर या बापांची भारी माया!

त्यांचं स्वतःचं वैर वहीत मांडलं असतं तर कोणीही हसलं असतं. बाजारातल्या खिळेवाल्याच्या तराजूला त्यांनी सील ठोकलं होतं. किलोमागे वीस ग्रॅम कमी. दुकान तीन दिवस बंद राहिलं, आणि खिळेवाल्याने भर बाजारात त्यांना लाचखाऊ म्हटलं. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. आणि पोरगी प्रेमात पडली ती नेमकी त्याच्याच मुलाच्या. घर सोडलं तेही त्याच्याबरोबरच.

निरीक्षकांना एका गोष्टीची पक्की खात्री होती. पोरं खिळेवाल्याला सगळं कळवत असणार. मुलगा शेवटी मुलगा. पोस्टमन त्याच्या दुकानासमोर सायकल लावताना तर त्यांनी कितीदा पाहिला होता. तिथे जाऊन एवढंच विचारायचं होतं, माझी मुलगी बरी आहे ना? पण त्या दारात जायचं म्हणजे नाक घासत जायचं. चार वेळा ते निघाले आणि चारही वेळा कोपऱ्यावरून परत आले.

दोनशे चाळीसची सोबत व्हायला लागली ती या दिवसांत. गोष्टीतला बाप जिथे दार लावून घेई, तिथे समासात पेन्सिलीची बारीक फुली असे. निरीक्षकही नेमके तिथेच अडलेले असत. एकदा फुलीशेजारी लिहिलं होतं, 'उघड, गाढवा, अजून वेळ आहे.' ते मोठ्याने हसले आणि मग बराच वेळ नाक शिंकरत बसले. त्या रात्रीपासून ते वाचताना समोर एक खुर्ची रिकामी ठेवू लागले.

शेवटी एके दिवशी ते मुद्दाम सकाळीच वाचनालयात गेले. "आज तुम्ही सकाळीच आलात ना, मग भेट होईल," बाई म्हणाल्या. "ते बघा, खिडकीपाशी बसलेत."

निरीक्षक वही काखेत मारून उत्साहाने निघाले. खिडकीपाशी पाठमोरा, खांदे पडलेला एक म्हातारा बसला होता. त्याने पान उलटलं, मान वळवली, आणि निरीक्षक जागीच थांबले. तो खिळेवाला होता.

परत फिरावं असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण इथे कोणाचंच दार नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसले.

"तुमच्या फुल्या वाचतो मी," ते म्हणाले.

खिळेवाल्याने पुस्तक मिटलं. "वीस ग्रॅम कमीच होते, साहेब. तुमचं बरोबर होतं."

"ते जाऊ द्या हो." निरीक्षकांनी वही बाजूला ठेवली. इतक्या वर्षांचं ओझं एका वाक्यात उतरणार होतं. "मला फक्त एवढं सांगा. पोरं बरी आहेत ना?"

खिळेवाला खुर्ची पुढे ओढून त्यांच्याकडे वाकला.

"अहो, हेच तुम्हाला विचारायचं म्हणून मी सहा वर्षं धीर गोळा करतोय," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."