तसलं भांडं

"कल्याणीच्या इडल्या म्हणजे नुसता कापूस!" शेजारून आलेला डबा चाटूनपुसून संपवत मकरंद म्हणाला, आणि शर्मिष्ठाच्या पोटात दुखलं. किमया भांड्याचीच असणार, असं ठरवून संध्याकाळी तिने बाजारातलं भांड्यांचं दुकान गाठलं.

"अण्णा, तमिळ बायकांकडे असतं ना, तसलं इडलीचं भांडं दाखवा," ती म्हणाली.

तेवढ्यात रचलेल्या पातेल्यांपलीकडून कल्याणीचाच वैतागलेला आवाज आला. "अण्णा, मराठी बायका मोदक उकडतात ना, तसलं भांडं द्या. गणपतीपासून आमचे हे शेजारणीच्याच मोदकांचे गोडवे गातायत. माझ्या कोळुकट्टैकडे, आमच्या तमिळ मोदकांकडे, ढुंकून बघत नाहीत!"



दुकानदाराने दोघींच्या मधोमध एकच भांडं आणून ठेवलं.