किती वाढेल?

"घरचे व्हिडिओ टीव्हीवर बघायला अ‍ॅप करतोयस ना? मग डेटाबेस मोठाच घे," ऑफिसात नव्यानं आलेली ऋजुता डबा उघडता उघडता म्हणाली. "लहान मूल असलं की व्हिडिओंना अंत नसतो."

निरंजनच्या लॅपटॉपवर चिकटवलेलं वाकडं फुलपाखरू पाहूनच तिनं मूल असल्याचं ओळखलं होतं. त्याची मुलगी मनवा गेल्याचं मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"वर्षाला किती वाढेल डेटा?"

स्क्रीनवर थांबवलेल्या व्हिडिओत मनवा स्टुलावर उभी होती, 'बाबा, बघ केवढी झाले!' म्हणत हात उंचावलेली.

"नाही वाढणार. छोटा डेटाबेस पुरेल," निरंजन म्हणाला. "आहे तेवढीच राहील."

"तेवढाच," त्यानं लगेच दुरुस्त केलं. पण ऋजुताचा घास हातातच राहिला होता.