चंदनची सामायिक

“पाव्हना उनात, बाई!” धुणं टाकून मोलकरीण कुंदाबाईने अंगणातूनच ओरडून पाहुणे आल्याचं सांगितलं, तेव्हा चंदन उताऱ्याच्या मधोमध होती. तोंडावर बांधलेली पांढऱ्या कापडाची मुहपत्ती, मांडीवर धर्माचं पुस्तक, आणि पुस्तकात एम.बी.ए.च्या प्रवेश परीक्षेचा सराव-पेपर. समोरच्या काचेच्या घडीतून वाळू गळत होती. ती पूर्ण गळेपर्यंत सामायिकेला, म्हणजे जैनांच्या रोजच्या ध्यानाला, बसलेल्या माणसाने पाठ म्हणायचे, जप करायचा; त्याला कोणी उठवायचं नाही. धुळ्याच्या त्या घरात खुद्द चंदनचे वडील रतनलालशेठही हा नियम मोडत नसत.

चंदनला दुसरीकडे कुठे निवांतपणा होता? दोन ओळी वाचल्या की “चंदन, पाणी.” आणखी दोन वाचल्या की “चंदन, दार बघ.” क्लासमध्ये वेळ लावून पेपर घेतला की तिचे दोन उतारे कोरेच राहायचे. सरांनी सगळ्यांदेखत सुनावलं होतं, “तुम्ही डोळ्यांनी नाही, ओठांनी वाचता. एम.बी.ए.साठी पुण्यापर्यंत जायचा खटाटोप कशाला?” चंदनच्या अंगाचा तिळपापड झाला. आता तर जाणारच, असं तिने तिथेच ठरवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती आपणहून सामायिकेला बसू लागली.

मुहपत्तीचा फायदा तिला बसल्यावर कळला. ओठ हलले की कापड हलायचं, ओठांना घासायचं. मग ती स्वतःवरच चिडायची आणि ओठ घट्ट मिटायची. हळूहळू ओठ गप्प झाले आणि डोळे धावू लागले. परवाच्या सरावात एकही उतारा राहिला नाही. सरांनी पेपर दोनदा तपासला आणि परत दिला. चंदनला ते शाबासकीपेक्षा गोड लागलं.

पण इकडे भलतंच शिजलं. लेक रोज सामायिक करते म्हणून रतनलाल हरखले. दुकानात कापड घ्यायला येईल त्याला सांगत सुटले. ते कौतुक फिरत फिरत बोदवडला पोचलं, आणि अशी धर्माची मुलगी हातची जाऊ नये म्हणून आज मुलाकडची मंडळी थेट बघायला आली होती. परीक्षा परवावर होती. पसंती झाली की आजच साखरपुड्याचा टिळा, आणि टिळा झाला की पुणं संपलं, हे चंदनला कोणी सांगायला नको होतं.

वाळू संपत आली आणि सायरबाई आत आल्या. चंदनची आई. जैन स्थानकात प्रवचनाला पहिल्या रांगेत बसणारी, चातुर्मासात एकही उपवास न चुकवणारी. चंदन दचकली, आणि पुस्तकातला पेपर घसरून आईच्या पायाशी पडला. सायरबाईंनी तो इंग्रजी कागद उचलून उलटसुलट पाहिला. संपलं सगळं, असं चंदनला वाटलं. तरी तिने मान खाली घातली नाही.

सायरबाईंनी पेपर तिच्या मांडीवर परत ठेवला. मग घडी उचलली आणि उलटी करून ठेवली. वाळू नव्याने गळू लागली.

“अगं, झालं का तिचं?” बाहेरून रतनलाल.

सायरबाई दारात उभ्या राहिल्या. “चंदन उठणार नाही.”

“मंडळींची परतीची गाडी आहे!”

“मग गाठू द्या त्यांना गाडी. धर्माची मुलगी बघायला आलेत ना? बघा म्हणावं, ती बसल्या जागेवरून उठत नाही.”

सायरबाईंनी दार लावून घेतलं, लेकीशेजारी आसन टाकलं, आणि स्वतःची मुहपत्ती बांधता बांधता हळूच म्हणाल्या, “पाठ म्हणणाऱ्याची मुहपत्ती हलते, चंदन. तुझी कधीचीच हलायची थांबलीये. मला काय दिसत नव्हतं? वाच.”