खंडेनवमीची साफसफाई

डेटाबेसचं पॅकेज बसता बसता पुन्हा अर्ध्यातच थांबलं आणि कौसल्याने कीबोर्डवरून हात काढून घेतले.

केदारखेड्याच्या शाळेतल्या त्या एकुलत्या एका कॉम्प्युटरच्या डेटाबेसमध्ये गावातल्या सगळ्या विहिरींच्या पाण्याची मापं होती. नववीच्या पोरांनी पावसाळाभर दोर सोडून घेतलेली. आज ती जालन्याच्या विज्ञान प्रदर्शनात दाखवायची होती. जीप दारात उभी होती. दहा वाजता भारनियमनामुळे वीज जाणार होती. त्याआधी मापं पडद्यावर दिसली नाहीत, तर कॉम्प्युटरऐवजी मागच्या वर्षीचा मातीचा ज्वालामुखी जीपमध्ये चढेल, असं मुख्याध्यापकांनी सांगून ठेवलं होतं.

"तूच केलं हे," वसंता म्हणाला. तो तिच्याच वर्गातला; निम्म्या विहिरी त्याने मोजलेल्या. "आता बस ज्वालामुखीत सोडा टाकत."

खंडेनवमीला कौसल्याने घरची विळे-खुरपी धुऊन पूजेला मांडली होती आणि मग शाळेत येऊन कॉम्प्युटरही पुसला होता. बाहेरून पुसून झाल्यावर आतूनही स्वच्छ करावा, असं तिच्या मनाने घेतलं. कुणी कधीच उघडत नाही असं एक फोल्डर दिसलं. ते तिने काढून टाकलं आणि मशीनवर झेंडूचं फूल ठेवलं. तेव्हापासून डेटाबेस सुरूच होत नव्हता. आज सकाळपासून ती सीडीवरून पॅकेज नव्याने बसवत होती, तर तेही बसत नव्हतं.

अप्पाराव गुरुजी शेजारच्या बाकावर सुपारी कातरत होते. निवृत्त झाल्यावरही कॉम्प्युटरची खोली त्यांच्याकडेच राहिली होती. मशीन काय म्हणतंय, त्यांनी विचारलं. कौसल्याने शेवटची ओळ वाचली: पॅकेज बसवताना चूक झाली.

"ही झाली शेवटची ओळ. रडणाऱ्या पोराला विचारलं, तर ते बी म्हणतं, रडून राह्यलो. का रडून राह्यलं, ते वर असंल. वर जा."

ती वर गेली. सगळं इंग्रजी, ती एकेक ओळ बोटाने धरत निघाली. गुरुजींनी एकही शब्द सांगितला नाही. ती अडली की फक्त अडकित्ता थांबायचा. बऱ्याच वर ती ओळ सापडली: सेटिंगची फाइल जागेवर नाही. त्या फाइलचा पत्ता तिने काढून टाकलेल्या फोल्डरमधलाच होता.

वसंता उठून तिच्या मागे येऊन उभा राहिला. पण नव्या पॅकेजमध्ये ती फाइल असणारच, मग पॅकेज ती परत का ठेवत नाही, असं तिने गुरुजींना विचारलं.

"ते मला न्हाई माहीत," गुरुजी म्हणाले. "बघू आपण."

वसंताचं म्हणणं, सगळं मुळासकट काढून टाकावं आणि पहिल्यापासून बसवावं. मुळासकट काढल्यावर आपली मापं राहतील का, एवढंच गुरुजींनी विचारलं. वसंताने कीबोर्डकडे नेलेला हात मागे घेतला.

गुरुजींनी सुपारी बाजूला ठेवली. "ती फाइल कुणी काढली, कौसल्या?"

"मी."

"चुकून गेली का मुद्दाम काढली?"

"मुद्दाम."

"मंग मशीनला काय वाटलं असंल?"

कौसल्या पडद्याकडे बघत राहिली. मग ती खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाली.

"त्याला वाटलं, मला ती नकोच," ती म्हणाली. "म्हणून ते परत देऊन न्हाई राह्यलं. गुरुजी, ते बिघडलं न्हाई. ते माझं ऐकून राह्यलं."

मग पाहिजे म्हणून सांग त्याला, गुरुजी म्हणाले. कसं सांगायचं ते त्याच्याच मदतीच्या पानांत असेल.

दोघं एकदमच पडद्यावर वाकले आणि डोकी एकमेकांवर आपटली. वसंता पुढे पुढे वाचत होता, कौसल्या त्याला दम धर म्हणत होती. सापडलं. जागेवर नसलेली सेटिंगची फाइल न विचारता परत ठेवायची असेल, तर पॅकेज बसवायच्या आज्ञेत एक शब्द जोडायचा होता. खाली इशारा होता: फाइल तुम्ही जाणूनबुजून काढली असेल, तर तुमचा तो निर्णय मोडला जाईल.

"मोडू दे," कौसल्या म्हणाली.

वसंताने अक्षर अक्षर सांगितलं, तिने टाइप केलं. ओळी धावू लागल्या. थांबायच्या जागेपाशी आल्या आणि थांबल्या नाहीत. तिने विहिरींचं पान उघडलं. रखमाजींची विहीर, चांगुणाबाईंची विहीर, शाळेमागची विहीर. मृगापासून हस्तापर्यंतचं पाणी, जिथल्या तिथे. वसंताने बाकावर अशी थाप मारली की सुपारी खाली सांडली.

जीप चालवणारा भिवा दारात आला. जल्दी करा, वायरी काढा, म्हणाला. गुरुजींनी बटणाकडे हात नेला, तो कौसल्याने अडवला.

"थांबा, गुरुजी. वसंतानं नुसतं वाचून दाखवलं. हातानं न्हाई केलं." तिने ते फोल्डर शोधलं. "मी परत काढून टाकते. आता त्यानं बसवायचं."

भिवाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. गुरुजींनी वसंतासाठी खुर्ची ओढली.