दहा सेकंद

वडवणीत अंगदभाऊ आठवडी बाजाराच्या घोषणा रेकॉर्ड करून भोंगा लावून गावोगाव फिरणाऱ्या जीपवाल्यांना द्यायचे. त्यांच्या कॉम्प्युटरवर दोन प्रोग्रॅम एकाच साउंड कार्डासाठी भांडत होते, म्हणून हेडफोनमध्ये आवाज उशिरा यायचा. मी कार्डाचा जुना ड्रायव्हर काढून नवा टाकला आणि हेडफोन कानाला लावला.

"लई भारी काम केलंस, शास्त्रज्ञा!" कानात अंगदभाऊ म्हणाले. समोर ते गप्प बसून चष्मा पुसत होते.

दहा सेकंदांनी त्यांनी माईक ओढला आणि हसून तेच म्हणाले.

मग ते घोषणा वाचू लागले. मी घड्याळ लावून मोजलं. हेडफोन दहा सेकंद पुढेच होता.

"शेळ्यांचा बाजार उद्या सकाळी..."

कानात त्यांचं वाक्य तिथेच तुटलं आणि माईक खाली आपटला. "अंगदभाऊ!" कुणीतरी किंचाळलं. तो आवाज माझा होता.

समोर अंगदभाऊंनी पान उलटलं. "शेळ्यांचा बाजार..."