उमराण्याचा अर्धा तास

"एक तर ड्रायव्हर बदला, नाहीतर आम्ही ट्रान्सपोर्ट बदलतो," अमितसाहेब म्हणाले, आणि दाराशी उभा असलेला पुंजाराम हळूच भिंतीला टेकला.

अंबडच्या कारखान्यातली ती साहेबांची केबिन. समोरच्या खुर्चीत ललिताताई बसल्या होत्या. नवरा गेल्यापासून सात ट्रकांचा धंदा त्याच सांभाळत होत्या, आणि त्या सातांतले पाच याच कंपनीच्या मालावर पळत होते. पुंजारामला ते पक्कं ठाऊक होतं. एका ड्रायव्हरपायी पाच गाड्या कोण उभ्या करेल? मालक असता तर त्यानंही केल्या नसत्या.

इंदूरहून भरलेला माल सकाळी नऊच्या आत कंपनीत पोचला पाहिजे आणि पुंजारामची गाडी कायम उशिरा येते, ही साहेबांची तक्रार. दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच हट्टानं सगळ्या गाड्यांना ते यंत्र बसवून घेतलं होतं. सन दोन हजार सात, तेव्हा हे खूळ नवंच होतं. साबणाच्या वडीएवढी काळी डबी. गाडी कुठे गेली, कुठे थांबली, किती वेळ थांबली, सगळं म्हणे वरून दिसतं आणि कंपनीच्या कॉम्प्युटरवर उतरतं. "आता कसा सगळा कारभार पारदर्शक," साहेब त्या दिवशी म्हणाले होते. बाकीच्या ड्रायव्हरांनी डबीला मनसोक्त शिव्या घातल्या. पुंजारामनं घातल्या नाहीत. तो घाबरला.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! पहाटे मालेगाव मागे पडलं की उमराणे लागतं. गाव ओलांडून थोडं पुढे, हायवेला लागूनच पुंजारामचं घर. दर फेरीला तो तिथे गाडी बाजूला घ्यायचा. भागीबाई चूल पेटवून बसलेली असायची. गरम भाकरी, ठेचा, तोंड धुवायला कढत पाणी. ती बोलायची, तो खायचा. अर्धा तास. नवराबायकोचा संसार काय तो तेवढाच.

यंत्र बसलं त्या आठवड्यात तो मन घट्ट करून नुसता हॉर्न वाजवून पुढे निघून गेला. पुढच्या फेरीला भागीबाई फडक्यात भाकरी बांधून रस्त्याच्या कडेला उभी. मग मात्र त्याच्यानं राहवलं नाही. तेव्हापासून साहेबांनी 'उशीर' म्हटलं की त्याला तो अर्धा तासच आठवे. बारा वर्षांची नोकरी आपण एका भाकरीपायी घालवणार, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

"मनीषा, परवाची फेरी काढ," साहेबांनी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरच्या मुलीला सांगितलं. तिनं पडदा सगळ्यांना दिसेल असा वळवला. पुंजारामला नकाशा काय कळणार? कागदावर लाल दोरा सांडावा तसं काहीतरी त्याला दिसत होतं. साहेबांचं बोट दोऱ्यावरून सरकू लागलं. सेंधवा, धुळे, मालेगाव. मालेगावच्या थोडं पुढे बोट थांबलं.

"चार पन्नास ते पाच वीस. इथे काय आहे?"

"माझं घर हाय, साहेब."

ललिताताईंनी वळून पाहिलं.

"ताईंना बी ठाव नाय," पुंजाराम घाईनं म्हणाला. "चुकी माझीच हाय. दर टायमाला थांबतो, भाकरी खातो. आता नाय थांबणार. बायकोला सांगतो, चूलच पेटवू नको म्हणून. पण माझ्या हातातून गाडी काढू नका."

पन्नाशीच्या त्या माणसानं बोलता बोलता हात जोडले. भागीबाईची चूल आपण अशी परक्यांपुढे विझवून टाकली याची त्याला फार लाज वाटली.

"ऐकलंत मॅडम? अर्धा तास तर कबूलच केला." साहेबांना आता चांगलाच जोर चढला. "आणि हे बघा पुढचं! सकाळी सात वीस ते दुपारी चार वीस. नऊ तास! गाडी एका जागेवरून हललेली नाही. हा कुठला धाबा रे, पुंजाराम? की दुसरं घर आहे?"

"नाय साहेब! उमराणं सुटलं का थेट कंपनी. मधी चहाला बी थांबलो नाय. देवाशपथ."

"यंत्राला शपथ लागत नाही. मनीषा, मोठं कर ते. जागेचं नाव दिसलं पाहिजे मॅडमना."

मनीषानं दोनतीनदा बटण दाबलं. नकाशा फुगत गेला. ती पुढे वाकली, नीट पाहिलं आणि साहेबांकडे वळली.

"वाच की!"

"सर," ती खालच्या आवाजात म्हणाली, "हे आपलं गेट आहे."

गेटवरच्या वहीत गाडीची वेळ लिहिली जाते ती गेट उघडून गाडी आत आल्यावर. त्याआधी ती बाहेर रांगेत किती वेळ उभी होती, हे कुठल्याच वहीत नसतं. ललिताताईंनी खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यावरचे आकडे पुन्हा एकदा सावकाश वाचले.

"म्हणजे साडेसातच्या आत माल तुमच्या दारात होता," त्या म्हणाल्या. "भाकरी खाऊनसुद्धा."

अमितसाहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि बराच वेळ तोंडाला लावून ठेवला. पुंजाराम मात्र गोंधळून एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. अखेर तो ताईंपाशी सरकला.

"ताई," त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "गेटाभाईर उभं राहनं बी ह्याच्यात मोजता का?"